क्लिप कापते की पकडते?

जव्हारच्या वर्गात डायोडचे प्रकरण काढले, तेव्हा मी फळ्यावर ‘क्लिपर सर्किट’ असे लिहिले आणि ऑसिलोस्कोपची तार जोडायला मगरीच्या तोंडासारखी ती दातेरी क्लिप हातात घेतली. पहिल्या बाकावरचा, मोखाड्याकडच्या पाड्यावरून एसटीने येणारा मुलगा म्हणाला, ‘‘सर, ही क्लिप तर पकडते. मग ते सर्किट काय पकडतं?’’

मी म्हणालो, ‘‘ते पकडत नाही रे, कापतं.’’

‘‘आणि धड्यात पुढे आहे तो क्लॅम्पर?’’

‘‘तो पकडतो.’’

‘‘म्हणजे क्लिप कापते, आणि क्लॅम्प पकडतो. मग हातातल्या या क्लिपला क्लॅम्प का नाही म्हणत?’’

प्रश्न रास्त होता. तास संपेपर्यंत मी सर्किट नीट समजावले, पण शब्द समजावला नाही, आणि ती रुखरुख घरापर्यंत सोबत आली.

मराठीत क्लिप हा शब्द आता परका राहिलेला नाही. केसांची क्लिप, दोरीवरच्या कपड्यांची क्लिप, कागदांची क्लिप, बॅटरीच्या टोकाला लावायची क्लिप. या सगळ्या धरून ठेवतात. ज्याला आपण आधी चिमटा म्हणत होतो त्याचीच ही धाकटी भावंडे. मोबाइलवर येणारी ‘व्हिडिओ क्लिप’ तेवढी वेगळी. ती मोठ्या चित्रफितीतून कापून घेतलेला तुकडा असते. पण ती पाहताना कुणाच्या मनात कात्री येत नाही. त्यामुळे ‘क्लिपर’ म्हटले की मराठी मुलाच्या डोळ्यांसमोर पकडणारी वस्तू उभी राहते आणि सर्किट मात्र नेमके उलटे काम करते.

हा गोंधळ मुलाचा नाही. इंग्रजीतच या दोन वेगवेगळ्या क्लिपा आहेत. कापणारी क्लिप उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या ‘क्लिप्पा’ या क्रियापदातून आली. मेंढीची लोकर कातरणे, कडा छाटणे हा तिचा अर्थ. पकडणारी क्लिप जुन्या इंग्रजीतल्या ‘क्लिप्पन’पासून आली आणि तिचा मूळ अर्थ होता कवेत घेणे, मिठी मारणे. दोन घरांच्या दोन लेकी, नाव मात्र एकच. मराठीला हे नवे नाही. ‘छपराच्या वर’ मधला वर संस्कृत ‘उपरि’मधून आला, आणि बोहल्यावर उभा असतो तो वर ‘वृ’ म्हणजे निवडणे या धातूतून. दोघांचा काही संबंध नाही, तरी लिहिताना फरक दिसत नाही. आपण संदर्भाने ओळखतो, कारण भाषा आपली आहे. परक्या भाषेतल्या शब्दाबाबत ही सोय मुलाला कुठून मिळणार?

कापणाऱ्या क्लिपेचा इतिहास तर चांगलाच खमंग आहे. इंग्लंडमध्ये हाताने ठोकलेली चांदीची नाणी चालत, तेव्हा लोक त्यांच्या कडा गुपचूप कातरून चांदी जमवत आणि खुजे झालेले नाणे पुन्हा बाजारात चालवत. असे करणाऱ्याला ‘क्लिपर’ म्हणत आणि त्याची शिक्षा मृत्युदंड असे. 1696 मध्ये आयझॅक न्यूटन लंडनच्या टांकसाळीचा अधिकारी झाला, तेव्हा बनावट नाणी पाडणारे आणि असे कडाकातरे यांच्या मागे तो हात धुऊन लागला होता. नाण्याच्या कडेवर दाते पाडण्याची पद्धत याच चोरीवरचा उपाय म्हणून रुजली. कड जरा जरी कातरली तरी दाते नाहीसे होऊन चोरी उघडी पडते.

आता सर्किटकडे वळू. एक हजार ओहमचा रोधक घ्यायचा, त्याच्या पुढे एक सिलिकॉन डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा घटक) जमिनीच्या तारेकडे तोंड करून आडवा लावायचा. आत सोडायची पाच व्होल्ट उंचीची लाट, म्हणजे शून्याच्या वर पाच आणि शून्याच्या खाली पाच अशी चढउतार करणारी. लाट वर चढू लागते. 0.7 व्होल्टपर्यंत डायोड गप्प असतो. त्यापुढे तो वाट मोकळी करतो आणि वरचा सगळा जोर त्याच्यातून जमिनीकडे वाहून जातो. बाहेर मिळणारी लाट 0.7 वर येऊन सपाट होते. डायोडच्या मागे तीन व्होल्टची बॅटरी लावली तर हीच सपाटी 3.7 व्होल्टवर सरकते. उलट दिशेने दुसरा डायोड लावला की लाट खालूनही सपाट.

ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर (विश्वकोशी मराठीत याला दोलनदर्शक म्हणतात, आणि मला तो शब्द आवडतो) हे चित्र उमटले, तेव्हा मागून कुणीतरी म्हणाले, ‘‘पठार झालं.’’ मी वळून पाहिले. खरेच होते. जव्हार सुमारे 450 मीटर उंचीच्या पठारावर वसलेले आहे. खालच्या विक्रमगडकडून घाट चढत आलात की डोंगर टोकदार होण्याआधीच संपतो आणि समोर सपाट माथा लागतो. छाटलेली लाट हुबेहूब तशीच दिसते. दोन्ही बाजूंना उतार, माथ्यावर सपाटी.

छाटलेली. हा शब्द तोंडातून गेला आणि मग मला तोच बरोबर वाटू लागला. मराठीत कापण्यासाठी किती क्रियापदे आहेत पाहा. भात कापतात. कापड कातरतात. भाजी खुडतात. लाकूड तोडतात. ऊस तोडतात. पण झाडाच्या फांद्या छाटतात. छाटण्यात खोड राहते, झाड राहते, फक्त मर्यादेबाहेर गेलेले तेवढे जाते. क्लिपर नेमके हेच करतो. लाटेचा पाया तसाच, चढ तसाच, उतार तसाच. रेषेच्या वर गेलेले तेवढे गेले. जव्हार-मोखाड्यात हे क्रियापद शिकवावे लागत नाही. भात, नागली, वरई यांची रोपे वाढवायची जागा आधी भाजून घ्यावी लागते. त्यासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटून, वाळवून, शेण-पालापाचोळ्याच्या थरांवर रचून पेटवतात. यालाच राब म्हणतात. वर्गातल्या बहुतेक मुलांनी कधी ना कधी झाडावर चढून फांद्या छाटल्या आहेत. खोडाला घाव लागू न देता कुठे थांबायचे, हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे.

कातरण्याच्या शब्दांत एक गमतीचा धागा आहे तो इथेच सांगतो. ‘कातर’ संस्कृत ‘कर्तरी’तून प्राकृतमार्गे आली, हे सरळच आहे. पण संस्कृतात कातरीला ‘कल्पनी’ असाही शब्द आहे, आणि ‘कल्पक’ म्हणजे न्हावी! आपण आज ज्याला कल्पक म्हणतो तो नवे काही रचणारा. ‘कॢप्’ या धातूत नीट जुळवणे, आकार देणे हा अर्थ आहे. केस कापून आकार देणारा कल्पक आणि मनातल्या मनात आकार देणारा कल्पकही. छाटून आकार देणे ही सर्जनाची एक रीत आहे, हे भाषेने फार आधी ओळखले होते. डायोडच्या या सर्किटांना इंग्रजीत लाटेला आकार देणारी सर्किटे म्हणतात, तेव्हा मला हा न्हावी आठवतो.

लाटेचे नावही सहज सोडून देण्यासारखे नाही. आपण आत सोडली ती ‘साइन’ लाट. हा शब्द मूळचा आपल्याकडचाच. धनुष्याच्या दोरीला संस्कृतात ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ म्हणतात. वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य, त्याची दोन टोके जोडणारी रेषा म्हणजे ज्या; आर्यभटाने 499 च्या सुमारास या ज्यांच्या निम्म्यांचे, म्हणजे अर्धज्यांचे, कोष्टक दिले. अरबांनी ‘जीवा’ उचलून ‘जीब’ असे लिहिले. अरबी लिपीत स्वर गाळतात; पुढच्या वाचकांनी तीच अक्षरे ‘जैब’ अशी वाचली. जैब म्हणजे अंगरख्याची छातीवरची घडी. 12व्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्या घडीला लॅटिन शब्द दिला ‘सायनस’, आणि त्याचा झाला साइन. हाच जैब फारसी-उर्दूतून ‘जेब’ होऊन खिशाच्या अर्थाने हिंदीत आला. म्हणजे हिंदीतला सदऱ्याचा खिसा आणि पडद्यावरची लाट यांची नावे ‘जैब’पाशी येऊन भेटतात. आणि लाटेच्या नावामागे उभा आहे तीरकामठा, ज्याची दोरी ओढायला इथल्या वारली आणि कातकरी म्हाताऱ्यांना अजून येते.

पण छाटणे हा डोळ्याचा शब्द आहे. कानाचा शब्द वेगळा आहे, आणि तो मला बोहाड्यात मिळाला.

बोहाडा हा या भागाचा मोठा उत्सव. देवादिकांचे, राक्षसांचे मुखवटे चढवून सोंगे रात्रभर नाचतात. संबळाचा ठेका असतो. एका गावी खांबाला भोंगा बांधला होता, मागे बॅटरीवरचा ॲम्प्लिफायर. पुकारणाऱ्याने माइक ओठांना लावून जोरात सोंगाचे नाव घेतले आणि भोंग्यातून खरखरीत, ओरबाडणारा आवाज आला. भोंगेवाला धावत येऊन म्हणाला, ‘‘माइक लांब धर, आवाज फाटतोय!’’

आवाज फाटतोय. हा शब्द महाराष्ट्रात प्रत्येक मांडववाला वापरतो. घडते काय, तर बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा साधा ॲम्प्लिफायर बारा व्होल्टच्या बाहेर लाट उंचावू शकत नाही. आवाज वाढवत गेलात की लाटेचे माथे बॅटरीच्या छताला टेकतात आणि सपाट होतात. इथे कुणी डायोड लावलेला नसतो, तरी छाटणी तीच. सपाट माथ्याच्या लाटेत मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे नवे सूर मिसळतात. गायकाने ते गायलेले नसतात. त्यांचाच तो कर्कशपणा. इंग्रजी अभियंता याला क्लिपिंगच म्हणतो, कारण तो लाट डोळ्याने पाहतो. आपला भोंगेवाला ती ऐकतो, म्हणून तो फाटणे म्हणतो. दूध फाटते, कापड फाटते, आवाज फाटतो. जे एकसंध होते त्याच्या चिंध्या होतात. पडद्यावर छाट, कानात फाट. एकाच घटनेचे इतके नेमके दोन शब्द इंग्रजीला मिळालेले नाहीत.

आता क्लॅम्पर. ‘क्लॅम्प’ डच मुलखातून इंग्रजीत आला. दोन वस्तू आवळून धरणारी पट्टी किंवा शिकंजा हा त्याचा अर्थ. कामगाराच्या मराठीत हातातल्या अवजाराला ‘पक्कड’ म्हणतात आणि टेबलावर बसवलेल्याला ‘शिकंजा’. पण सर्किट पाहिले की यातला एकही शब्द बसत नाही. क्लॅम्परमध्ये लाटेच्या वाटेत एक धारित्र (कपॅसिटर) असते, आणि डायोड व रोधक आडवे. पहिल्याच उताराला डायोडमधून धारित्र 4.3 व्होल्टपर्यंत भरते. मग ते भरलेलेच राहते, कारण रिकामे व्हायला त्याला वेळच मिळत नाही. 10 मायक्रोफॅरडचे धारित्र आणि एक लाख ओहमचा रोधक घेतला तर रिकामे होण्याचा काळ एक सेकंद, आणि आपल्या घरच्या 50 हर्ट्झच्या विजेची एक लाट फक्त 20 मिलिसेकंदांची. या भरलेल्या धारित्राच्या डोक्यावर बसून सगळी लाट वर उचलली जाते. आधी ती उणे 5 ते अधिक 5 होती, आता उणे 0.7 ते अधिक 9.3 झाली. माथ्यापासून तळापर्यंतची उंची दहा व्होल्ट होती, ती दहाच राहिली. एक कणही छाटला गेला नाही. लाट जशीच्या तशी, फक्त उंचावर बसली.

याला पकडणे कसे म्हणावे? तळ पकडला जातो, एवढाच काय तो संबंध. मला यासाठी जो शब्द सुचला तो मोखाड्यातल्या एका घरासमोर उभा असताना सुचला. कारवीच्या कुडाचे, शेणाने सारवलेले घर. पावसाळ्यात अंगणातून पाणी लोटत असते, म्हणून घर आधी दगड-मातीच्या जोत्यावर उभे केलेले. घराचा आकार तोच, खोल्या त्याच, छपराचा उतार तोच. सगळे घर हातभर वर. क्लॅम्पर लाटेला जोत्यावर बसवतो. हे म्हटले की वेगळे सांगावे लागत नाही. आकार बदलत नाही, पाया उंचावतो.

या जोत्याची गरज कुठे पडते, तर घरात जुना मोठा डब्यासारखा टीव्ही होता तिथे पडायची. चित्राचा संदेश धारित्रांतून जाताना आपला पाया गमावतो. मग चित्रातला काळा रंग काळा राहत नाही, दृश्य बदलले की तो कधी राखाडी, कधी जास्तच गडद होतो. म्हणून टीव्हीच्या आत हे सर्किट प्रत्येक ओळीला पाया पुन्हा जागेवर आणून ठेवते. आपल्या चित्रात 625 ओळी आणि सेकंदाला 25 चित्रे, म्हणजे सेकंदाला 15,625 वेळा हे जोते बांधले जात होते. आजही डास मारायची बॅट घ्या. तिच्या जाळीत लहानशा बॅटरीतून शेकडो व्होल्ट येतात, ते आधी रोहित्रातून आणि मग डायोड व धारित्रांच्या शिडीतून. त्या शिडीची पहिली पायरी हाच क्लॅम्पर असतो. एका जोत्यावर दुसरे जोते, त्यावर तिसरे.

इंग्रजीने मात्र इथेही घोळ करून ठेवला आहे, आणि तो मुलांना आधीच सांगावा लागतो. विजेच्या झटक्यापासून वाचवणाऱ्या स्पाइक गार्डवर ‘क्लॅम्पिंग व्होल्टेज’ असा आकडा अनेकदा छापलेला असतो. जव्हार-मोखाड्यात वळवाच्या पावसात विजा कडाडतात, तारांतून झटका येतो, तेव्हा हा गार्ड त्या आकड्यावरचा जोर जमिनीकडे सोडून देतो. म्हणजे तो छाटतो! जोत्यावर काहीच बसवत नाही. तरी त्याला क्लॅम्प म्हणतात. चिपच्या पायांवर बसवलेल्या ‘क्लॅम्प डायोड’चेही तसेच. जिथे इंग्रजी दोन्ही शब्द सरमिसळ वापरते, तिथे मराठी विद्यार्थ्याने फक्त एक प्रश्न विचारावा: लाटेचा आकार बदलला का? बदलला तर छाटणी. न बदलता नुसती उंची सरकली तर जोते. मग कागदावर इंग्रजीत काहीही लिहिलेले असू द्या.

स्पाइक गार्डसाठी तर माझ्याकडे तिसरा शब्दही आहे: सांडवा. धरण भरले की जादा पाणी सांडव्यावरून जाते. ‘सांडणे’ म्हणजे आज आपण नकळत ओतले जाणे समजतो, पण जुन्या मराठीत, ज्ञानेश्वरीच्या काळात, त्याचा अर्थ होता टाकून देणे, सोडून देणे. सांडवा हा जाणूनबुजून सोडून देण्याचा बंदोबस्त. मोखाड्यातल्या कोचाळ्याला मध्य वैतरणेचे धरण आहे, त्याचे पाणी मुंबईला जाते, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन दूर उतरतात. तिथल्या मुलांना सांडवा म्हणजे काय हे चित्र काढून दाखवावे लागत नाही.

‘क्लॅम्प’चा आणखी एक अर्थ शब्दकोशात सापडला आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. इंग्रजीत कच्च्या विटा रचून उघड्यावर जी भट्टी लावतात, तिलाही क्लॅम्प म्हणतात. बहुधा रास या अर्थाच्या डच शब्दावरून. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याची कितीतरी कुटुंबे भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परत येतात. वर्गातली काही नावे त्या महिन्यांत हजेरीपटावर गैरहजर असतात. क्लॅम्पर शिकवण्याचा आठवडा नेमका त्याच दिवसांत येतो. ज्याला क्लॅम्प म्हणजे काय ते हाताने माहीत आहे, तोच मुलगा त्या तासाला बाकावर नसतो. याचे दुःख मला शब्दकोशातल्या कुठल्याही चुकीपेक्षा मोठे वाटते.

डायोड या शब्दाविषयी थोडे. मायकेल फॅरडेने 1834 मध्ये विल्यम ह्यूएल या विद्वानाच्या मदतीने अ‍ॅनोड आणि कॅथोड हे शब्द घडवले; ग्रीक ‘होडोस’ म्हणजे वाट. वर जाणारी वाट, खाली उतरणारी वाट. त्याच वाटेवरून 1919 मध्ये विल्यम एकल्सने डायोड शब्द काढला: दोन वाटा. काम मात्र एकाच वाटेने जाऊ देण्याचे. मराठीने वाट न घेता टोक घेतले आणि धनाग्र, ऋणाग्र असे म्हटले. डायोडला त्याआधी, 1904 मध्ये, त्याच्या जनकाने, जॉन फ्लेमिंगने, व्हॉल्व म्हटले होते, आणि त्या शब्दाला आपला शब्द आहे: झडप. हृदयाची झडप, पंपाची झडप. एका बाजूने उघडते, उलट दाबाने मिटते. डायोडसाठी याहून स्वच्छ शब्द मला माहीत नाही. तारतंत्री, वीजतंत्री, जोडारी, कातारी असे सुंदर शब्द आपण प्रशिक्षण संस्थांच्या दारांवर रंगवले आहेत. ‘तंत्री’ म्हणजे वीणेची तारही होते, म्हणून तारतंत्री या शब्दात तार दोनदा वाजते. ज्यांनी हे शब्द केले त्यांनी कान लावून केले होते. आत वर्गात मात्र आपण झडप विसरलो.

परवा त्या मुलाला मी पुन्हा विचारले, ‘‘क्लिपर म्हणजे?’’

‘‘छाटणी, सर.’’

‘‘क्लॅम्पर?’’

तो क्षणभर थांबला आणि दोन्ही तळहात जमिनीला समांतर धरून वर उचलले. ‘‘जोतं.’’

आता फळ्यावर मी ‘छाटणी सर्किट’ आणि ‘जोते सर्किट’ असे लिहितो आणि खाली लहान अक्षरांत क्लिपर, क्लॅम्पर हेही लिहितो, कारण प्रश्नपत्रिकेत तेच शब्द येतात. जे शिक्षक हा विषय मराठी मुलांना शिकवतात त्यांनी एकदा असे करून पाहावे, आणि जोत्यापेक्षा चांगला शब्द त्यांच्या गावात असेल तर तो फळ्यावर लिहावा.